दोन खुणांच्या मधलं

कचेरीतले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. रेकॉर्ड रूममध्ये लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे असतात, त्यांना आमच्याकडे रुमाल म्हणतात. किस्से त्या रुमालांसारखेच. एकावर एक चढत जातात, वर धूळ बसते, आणि एखाद्या दिवशी कोणीतरी खालचा रुमाल ओढतो की सगळी चळत अंगावर येते.

माझ्या अंगावर ती परवा आली. नात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. तिच्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी असते, आत नुसती पांढरी अक्षरं. मी शेजारी चहा घेऊन बसलो होतो. तिनं एका ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत माऊस ओढत नेला, मधला मजकूर उजळला, आणि ती म्हणाली, "आबा, हे एवढंच कॉपी करायचं."

मी म्हणालो, "मी उभी नोकरी तेच केलं."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग म्हणाली, "या खिडकीत कंट्रोल-सी दाबायचं नाही बरं का. बाकी सगळीकडे त्यानं कॉपी होते, इथं चालू काम बंद पडतं." मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या कचेरीतही कोणी येऊन "नक्कल पाहिजे" म्हणालं की चालू काम बंद पडायचं!

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे अकोल्याच्या नावावर होतो. मी होतो ती तालुका कचेरी कोणती ते सांगत नाही. त्यातल्या काही लोकांची नातवंडं मला अजून बसस्टँडवर भेटतात. मंगरूळपीरवाल्यांनी अंगावर ओढून घेऊ नये, तुमची नव्हती.

नक्कल शाखा म्हणजे तीन माणसं आणि व्हरांड्याकडची एक खिडकी. काळेकाका मुख्य नक्कलनवीस, त्यांच्या हाताखाली मी म्हणजे इंगळे बाबू, आणि रेकॉर्ड रूममधून रुमाल आणणारे शकूरभाई शिपाई. आमच्यावर नायब तहसीलदार, म्हणजे नायब साहेब, घाटावरून बदलून आलेले, आणि ही गोष्ट ते आम्हाला कधी विसरू देत नसत.

कामाचा नियम एकच. अर्जदारानं रजिस्टरमधला हवा तो मजकूर शोधायचा, सुरुवातीला समासात पेन्सिलीची एक खूण करायची, शेवटाला दुसरी. आम्ही दोन खुणांच्या मधलं उतरवायचं. खुणेबाहेरचं अक्षर घ्यायचं नाही, आतलं सोडायचं नाही. मग रुजवात. म्हणजे एकानं अस्सल कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत तो जुळवायचा. जुळलं की खाली दोन नावं लिहायची, नक्कल करणार अमुक, रुजवात घेणार तमुक, आणि शिक्का मारायचा: 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. अस्सलात जसं आहे तसं. बस, एवढीच माझी विद्या.

* * *

अनुसयाबाई पहिल्यांदा आली ती बाजाराच्या दिवशी. रिठदच्या पलीकडच्या एका खेड्यातली, आमच्यातलीच, म्हणजे छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातली. मजुरीला जायची. खिडकीत हात टेकवून म्हणाली, "बाबू, मले वहिवाटीच्या बुकातली नक्कल पायजे."

वहिवाटीचं बुक म्हणजे वाजिब-उल-अर्ज. गावातली वाट कोणाची, पाणी कोणाचं, गुरं कुठून न्यायची, प्रेत कुठून न्यायचं, हे सगळं गावाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे त्यात लिहिलेलं असतं. हिच्या वस्तीतून मसणवटीत जाणारी सरळ वाट दादासाहेब नावाच्या मोठ्या शेतकऱ्याच्या वावरातून होती. त्यांनी दोन वर्षांपूर्वी त्या वाटेला काटेरी तार मारली. तेव्हापासून वस्तीतलं प्रेत नाल्याला वळसा घालून, गुडघाभर गाळातून न्यावं लागायचं. हिच्या नवऱ्याचं तसंच नेलं होतं, आणि खांदेकरी एकदा पडले होते.

"आता सासू आजारी हाये," ती म्हणाली. "म्हणते, मले त्या गायातून नेऊ नोका. सरय वाटेनं नेजा. मी तिले हो म्हणलं. बुकात लिवलं हाये म्हणते ते सरय वाट आमची हाये म्हणून. तेवढं मले लिहून द्या."

मी अर्ज लिहून दिला. नायब साहेबांनी तो वाचला आणि तिला विचारलं, "वाचता येतं का?"

"नाई सायेब."

"मग खूण कशी करणार? नियमात आहे, खूण अर्जदारानंच करायची. अर्ज नामंजूर."

मी म्हणालो, "साहेब, मी दाखवतो तिला ओळ." ते म्हणाले, "तुम्ही कारकून आहात, वकील नाही." हे ते मला पुढेही बऱ्याचदा म्हणाले. मी दर वेळी ऐकून घेतलं आणि दर वेळी विसरलो.

बाई रडली नाही की पाया पडली नाही. तिनं साहेबांकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरं. मंग मी बसतो इथं." आणि आमच्या खिडकीखालच्या पायरीवर बसली. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी मिरच्या विकून झाल्या की ती येऊन त्याच पायरीवर बसायची. शकूरभाईंनी तिला एक पोतं अंथरायला दिलं. साहेबांनी हटकलं तेव्हा ते म्हणाले, "साहब, पायरी कचेरीची आहे, पोतं माझं आहे." त्यावर साहेबांना नियम सापडला नाही.

* * *

खुणेची गंमत सांगतो. एकदा रिठदचे एक म्हातारे आपल्या वावराची नक्कल मागायला आले. त्यांनी सुरुवातीची खूण केली, चष्मा पुसला, आणि शेवटची खूण करायच्या आधी त्यांची बस आली. तसेच पळाले.

काळेकाका अत्यंत नियमाचा माणूस. त्यांनी लिहायला सुरुवात केली. म्हाताऱ्याचं वावर संपलं, खूण नाही. शेजाऱ्याचं वावर आलं, तेही संपलं, खूण नाही. मी म्हणालो, "काका, आता थांबा ना."

"खूण कुठी हाये?" काका म्हणाले. "दाखव, थांबतो."

असे ते तीन दिवस लिहीत होते. पाटलाची जमीन झाली, देवळाची झाली, गायरान झालं. शेवटी पान संपलं आणि पुढच्या गावाचं रजिस्टर सुरू होणार, तेव्हा मीच हळूच समासात एक पेन्सिलीची रेघ ओढली. काकांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि पेन खाली ठेवला.

पुढच्या आठवड्यात म्हातारे आले. शकूरभाईंनी दोन्ही हातांनी गठ्ठा उचलून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला.

"बाबू," म्हणाले, "म्या वावर मांगतलं होतं. तुमी त गावच देलं माह्या नावावर."

पायरीवरून अनुसयाबाई म्हणाली, "घ्या बुवा, नाई म्हणू नोका. एका गावाले त मियाली नक्कल."

* * *

काळेकाकांची उतरवायची पद्धत वेगळी होती. अस्सलातली एक पूर्ण ओळ वाचायची, डोळे मिटायचे, ती डोक्यात धरायची, आणि मग कागदावर ओतायची. ओळ डोक्यात असताना कोणी बोलायचं नाही. त्यांच्या डोक्यात एका वेळी एकच ओळ मावायची, दुसरी आत आली की पहिली गेली. नात सांगते, तिच्या कॉम्प्युटरचंही तसंच आहे.

एकदा काका शिरपूरच्या एका शेतकऱ्याच्या चतुःसीमा उतरवत होते. पूर्वेस नाला, दक्षिणेस रस्ता. डोळे मिटले होते. तेवढ्यात शकूरभाई आत आले आणि म्हणाले, "काका, मुबारक हो. ऐकलं, पोरीला पाहायला पाहुणे रविवारी येऊन राह्यले."

नक्कल अशी झाली: पूर्वेस नाला, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस पाहुणे रविवारी येणार.

त्या दिवशी रुजवात माझ्याकडे होती आणि मला ताप होता. निघाली तशीच, शिक्क्यासकट. दुसऱ्या दिवशी तो शेतकरी परत आला. काका घाईनं म्हणाले, "द्या इकडे बाप्पा, दुरुस्त करून देतो."

शेतकऱ्यानं कागद छातीशी धरला. "कायले दुरुस्त करता? सरकारी शिक्का बसला हाये याच्यावर. माह्या पश्चिमेले पाहुणे येऊन राह्यले, मले हजर राहाच लागन." आणि रविवारी तो खरंच आला, काकांच्या घरी, धोतर बदलून. पाहुण्यांपेक्षा जास्त जेवला. लग्न जमलं हेही सांगून टाकतो.

* * *

या पाहुण्यांची बातमी नायब साहेबांपर्यंत गेली आणि त्यांनी आम्हाला उभं करून झापलं. मी मधे बोलायला गेलो तर म्हणाले, "इंगळे, इथं अक्कल चालवायची नाही. कागदावर जे दिसतं ते उतरवायचं. जे जे दिसतं ते सगळं. समजलं?"

"समजलं साहेब," मी म्हणालो. मला खरंच समजलं होतं.

आठ दिवसांनी अकोल्याला एक नक्कल पाठवायची होती. अस्सल कागद साहेबांच्या टेबलावर दोन दिवस पडून होता आणि त्यावर साहेबांनी कप ठेवला होता. मी दोन खुणांच्या मधलं सगळं उतरवलं, आणि सातव्या ओळीनंतर लिहिलं: '(येथे चहाच्या कपाचा गोल डाग आहे. डाग ताजा आहे.)'

साहेब सह्या करताना वाचत नसत. अकोल्याहून पत्र आलं, डागाचा खुलासा करावा. मला आत बोलावलं.

"हे काय आहे?"

"डाग आहे साहेब."

"मी विचारतोय, लिहिलं का?"

"खुणेच्या आत होता साहेब. जे जे दिसतं ते सगळं, असा हुकूम आहे."

साहेबांचा चेहरा असा झाला की मी बाहेर येईपर्यंत हसू दाबून ठेवलं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती हे सांगायला पाहिजे. घरी बायको, आई, धाकटा भाऊ, सगळे त्या कच्च्या नोकरीवर. पण हुकूम पाळल्याबद्दल माणसाला काढता येत नाही. तसा नियम नव्हता, मी आधी शोधून ठेवलं होतं.

खिडकीखालून अनुसयाबाईनं विचारलं, "बाबू, डागबी लिहा लागते का?"

"खुणेच्या आत असला त सगळंच लिहा लागते."

"अन् वाचतानी?"

"वाचतानीबी सांगा लागते, इथं डाग हाये म्हणून."

तिनं मान डोलावली. मला वाटलं वेळ घालवायला विचारते आहे. मी शहाणा नव्हतो हे यावरून कळावं.

* * *

मग सुदाम मास्तर आले. शिरपूर जैनच्या बाजूच्या एका शाळेवर होते, स्वच्छ पांढरा पायजमा, हातात पिशवी. त्यांना त्यांच्या वडिलांच्या नावाची जुनी नोंद हवी होती, धर्मांतराच्या आधीच्या काळातली, वडील गावचं काम करत तेव्हाची. मास्तरांनी स्वतः दोन खुणा केल्या. शेवटच्या रकान्यात तेव्हाच्या कोणा अंमलदारानं शेरा मारला होता. मी तो उतरवताना थांबलो. शेरा असा होता: 'सदर इसम उद्धट आहे. वेठीस बोलाविले असता येत नाही व कारण विचारतो.'

नायब साहेब नेमके मागे उभे होते. म्हणाले, "शेरा सोडा. उगाच कशाला त्यांच्या वडिलांची बेअब्रू." या वेळी ते चांगुलपणानं म्हणाले, हे मान्य करतो.

मी म्हणालो, "साहेब, खुणेच्या आत आहे."

मास्तर खिडकीत वाकले. "सायेब, शेऱ्यासाठीच त आलो मी. माह्या बापाचा फोटो नाई, सही नाई, कुठी नाव नाई. सरकारनं त्याले एवढा एकच दाखला देला हाये. तो कायले सोडता?"

रुजवात मी मोठ्यानं वाचली, जरा जास्तच मोठ्यानं. 'व कारण विचारतो' हे शब्द मी पुन्हा एकदा वाचले. माझा बापही त्याच पिढीतला. त्यानंही कारण विचारलं असेल, पण ते कोणी लिहून ठेवलं नाही. नक्कल करण्याच्या नोकरीचा मला त्या दिवशी पहिल्यांदा अभिमान वाटला.

मास्तरांनी ती नक्कल काचेत बसवून घरी बुद्धाच्या फोटोशेजारी लावली. खाली शिक्का, माझं नाव आणि काळेकाकांचं नाव. त्यांचा पाहुणा आला की आधी ती वाचायला लावायचे, मग पाणी द्यायचे.

* * *

हे सगळं चाललेलं असताना अनुसयाबाईची सासू अंथरुणाला खिळली होती. आणि एके दिवशी दादासाहेब स्वतःच कचेरीत आले. वस्तीतल्या लोकांनी वाटेसाठी वर अर्ज केला होता, एसडीओ साहेब, म्हणजे प्रांताधिकारी, जागेवर पाहणीला येणार होते, आणि दादासाहेबांना त्यांच्यापुढे ठेवायला वाजिब-उल-अर्जाची नक्कल हवी होती. त्यांना खूण करायची तसदी पडली नाही. नायब साहेबांनी स्वतःच्या पेन्सिलीनं ती करून दिली.

रजिस्टर माझ्यापुढे आलं. पहिली ओळ अशी होती: 'सर्व्हे नंबर एक्केचाळीस मधून मसणवटीकडे जाणारी वाट मालकाचे खाजगी मालकीची आहे.' तिच्यानंतर शेवटची खूण. आणि खुणेच्या खाली अजून तीन ओळी होत्या. ज्यांसाठी बाई सहा महिने पायरीवर बसली होती त्या तीन ओळी.

मी रजिस्टर घेऊन आत गेलो. "साहेब, खाली अजून मजकूर आहे. वाटेबद्दलच आहे."

"खूण कुठे आहे?"

"वर."

"मग तुमचं काम कुठे संपतं?"

मी परत येऊन बसलो. काळेकाका हळूच म्हणाले, "लिव बाप्पा. नोकरी कच्ची हाये तुही. खुणेच्या खाली गेला त तुले ठेवत नाई तो." ते खरं होतं. खालची एक ओळ घेतली असती तर नक्कल खोटी ठरली असती आणि मी घरी.

म्हणून मी नियमानं लिहिलं. खुणेच्या खाली गेलो नाही. पण खुणेपर्यंत गेलो. शेवटच्या शब्दानंतर लिहिलं: '(येथे समासात पेन्सिलीची खूण आहे. खूण ताजी आहे.)'

रुजवात काकांची. ते त्या वाक्यावर आले आणि त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग रजिस्टरमध्ये वाकून पाहिलं. आयुष्यात कोणाला उलट न बोललेला माणूस तो.

"खूण हाये," काका म्हणाले. "ताजीबी हाये." आणि सही केली. साहेबांनी नेहमीसारखी न वाचता केली.

* * *

पण खूण दाखवून बाईचं काम भागणार नव्हतं. खाली काय आहे ते तिच्याकडे हवं होतं, कागदावर, आणि कागद तिला मिळणार नव्हता. तेव्हा शकूरभाईंना आठवलं की नकलेच्या अर्जासारखा पाहणीचाही अर्ज असतो. नक्कल न्यायची नाही, नुसतं रजिस्टर पाहायचं. पेन जवळ ठेवायचा नाही, काही उतरवून घ्यायचं नाही. अर्जदाराला वाचता येत नसेल तर कारकुनानं वाचून दाखवायचं. आम्ही अर्ज केला.

नायब साहेब हसले. "ऐकू द्या. ऐकून काय करणार? कागद तर नेणार नाही. पण एकदाच वाचायचं, इंगळे. इथं कीर्तन नको."

अनुसयाबाई खिडकीच्या आत आली नव्हती कधी. त्या दिवशी आली, टेबलासमोर उभी राहिली आणि रिकामे हात पुढे करून साहेबांना म्हणाली, "पाहून घ्या, पेन नाई."

मी वाचलं. पानाच्या नंबरापासून वाचलं, सावकाश, रुजवातीला वाचतात तसं. तिचे ओठ हलत होते. वाचून झालं. मला वाटलं ती पुन्हा विचारेल, आणि मी ठरवलं होतं की साहेब काहीही म्हणोत, पुन्हा वाचायचं.

ती म्हणाली, "झालं बाबू," आणि निघून गेली. पुढच्या बाजाराला ती आली नाही. पोतं रिकामं होतं. शकूरभाई दिवसभर त्याच्याकडे पाहत होते. म्हातारी गेली असेल, असं आम्ही तिघांनीही मनात म्हटलं.

* * *

पाहणीच्या दिवशी एसडीओ साहेबांच्या जीपमागून आम्ही कचेरीच्या गाडीतून गेलो. नायब साहेब, मी, आणि मांडीवर वाजिब-उल-अर्जाचा रुमाल घेऊन शकूरभाई. तारेच्या एका बाजूला दादासाहेब खुर्च्या मांडून बसले होते. दुसऱ्या बाजूला सगळी वस्ती उभी होती. पुढे एक बैलगाडी, तिच्यात गोधडीवर म्हातारी. जिवंत होती. अनुसयाबाई चाकाला हात लावून उभी.

एसडीओ साहेब तरुण होते, कमी बोलायचे. त्यांनी दादासाहेबांची नक्कल घेतली आणि शेवटपर्यंत वाचली. सह्या करणाऱ्या साहेबांमध्ये असा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"येथे समासात पेन्सिलीची खूण आहे," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "खूण ताजी आहे. ही नक्कल कोणाची?"

"माझी साहेब," मी म्हणालो.

"खुणेच्या खाली काय आहे?"

नायब साहेब घाईनं म्हणाले, "खाली वाटेसंबंधी काही विशेष नाही सर."

मी सांगायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात गाडीच्या चाकाजवळून आवाज आला. अनुसयाबाई समोर पाहून बोलत होती, आमच्या खिडकीतला रुजवातीचा सूर जसाच्या तसा:

"पान चौदा, उजवी बाजू. सर्व्हे नंबर एक्केचाळीस मधून मसणवटीकडे जाणारी वाट मालकाचे खाजगी मालकीची आहे. येथे समासात पेन्सिलीची खूण आहे. सदर वाटेने महार वस्तीतील लोकांस प्रेत नेण्याचा व गुरे नाल्यावर नेण्याचा हक्क पूर्वापार आहे. येथे शाईचा डाग आहे, एक शब्द वाचता येत नाही. मालकास सदर वाट कोणत्याही मोसमात अडविता येणार नाही, पीक उभे असले तरी. सही आहे."

एसडीओ साहेबांनी हात पुढे केला. शकूरभाईंनी रुमाल सोडला, पान चौदा काढलं आणि जीपच्या बॉनेटवर ठेवलं.

"बाई, पुन्हा म्हणा," साहेब म्हणाले. "सावकाश."

ती पुन्हा म्हणाली. साहेबांचं बोट ओळीवरून सरकत होतं. डागापाशी ती थांबली, बोटही थांबलं. सहीपर्यंत एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. नायब साहेबांनी पाहिलं तर पाहू दे.

गाडीतून म्हातारी म्हणाली, "मंग सोडा ना ते तार. मी काय रोज रोज येऊ का?"

साहेबांनी तिथंच बॉनेटवर हुकूम लिहिला, तार आजच्या आज काढावी. त्याखाली बाईनं म्हटलेला मजकूर स्वतःच्या हातानं उतरवला. मग रिवाजाप्रमाणे खाली दोन ओळी लिहिल्या. 'रुजवात घेणार' यापुढे स्वतःचं नाव घातलं. 'नक्कल करणार' इथं त्यांचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"नक्कल करणार कोण लिहू?" त्यांनी विचारलं.

"माहं नाव लिहा," ती म्हणाली. "अनुसया. अन् तिथीच हेबी लिहून ठेवा सायेब, का पेन वापरला नाई."